मूल शिकते कशाने?

मे महिना आला की गोंदिया जिल्ह्यात दोन गोष्टी बरोबरीने चालतात. जंगलात तेंदूपत्त्याची तोडणी चालते आणि गावात निकालाची चर्चा चालते. ज्याचे मूल पुढे गेले तो फारसे बोलत नाही. ज्याचे मागे राहिले तो गुरुजींना बोल लावतो. गुरुजी म्हणतात, पोर घरी पुस्तक उघडत नाही, रोवणीच्या दिवसांत वर्गात दिसत नाही, आम्ही काय करावे? वरचे अधिकारी दोघांनाही दोष देतात आणि एक नवे परिपत्रक काढतात. वादात तिघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. परंतु तीन अर्धी सत्ये एकत्र ठेवली म्हणजे एक पुरे सत्य होते असे नव्हे. तेव्हा ह्या प्रश्नाचा थोडा पद्धतशीर विचार करावा, असा ह्या लेखाचा हेतू आहे.

ज्या कामगार चळवळीत मी इतकी वर्षे काढली, तिने मला एक सवय लावली आहे. कारखान्यात माल खराब निघाला की मालक प्रथम म्हणतो, कामगार आळशी आहेत. आम्ही विचारतो, यंत्र कसे आहे? उजेड पुरेसा आहे काय? पाळी किती तासांची? मजुरी वेळेवर मिळते काय? मुकादम माणसाशी कसा बोलतो? एवढ्या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर आळसाचा प्रश्न उरला तर तोही विचारावा. तो टाळू नये. हीच रीत शाळेला लावून पाहू. फरक एवढाच की शाळेत जे घडते तो माल नव्हे, ते माणूस असते. तेथील नुकसान पुढच्या खेपेला भरून काढता येत नाही.

घर की शाळा?

पहिला प्रश्न असा की मुलाच्या शिकण्यात घराचा वाटा किती आणि शाळेचा किती. ह्या प्रश्नावर जगात मोठा वाद झाला तो १९६६ साली. अमेरिकेत जेम्स कोलमन ह्या समाजशास्त्रज्ञाने सरकारसाठी सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी केली. मुलांच्या यशापयशात घरच्या परिस्थितीचा वाटा फार मोठा आहे आणि इमारत, प्रयोगशाळा, खर्च ह्यांतील फरकाचा त्या मानाने लहान आहे, असा तिचा निष्कर्ष निघाला. ज्यांना शाळांवर पैसा खर्चायचा नव्हता त्यांना हे आयतेच सापडले. परंतु त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती, ती मात्र कमी सांगितली गेली : जी मुले परिस्थितीने खालच्या थरात आहेत, त्यांना चांगल्या शिक्षकाचा फरक इतरांपेक्षा जास्त पडतो.

पुढे १९८३ साली हेनिमन आणि लॉक्स्ली ह्या अभ्यासकांनी २९ देशांतील आकडे ताडून पाहिले. देश जितका गरीब, तितका शाळेचा व शिक्षकाचा वाटा मोठा, असे त्यांना दिसले. कारण उघड आहे. ज्या घरी पुस्तके आहेत, आईबाप शिकलेले आहेत, तेथे शाळा कमी पडली तरी घर भरून काढते. ज्या घरी छापील अक्षर फक्त शिधापत्रिकेवर असते, तेथे शाळा हीच काय ती शिकण्याची जागा. शाळेत जे मिळाले नाही ते त्या मुलाला कोठेच मिळत नाही.

आमच्या बिडी कामगारांच्या घराकडे पाहा. रात्री पान भिजवायचे, सकाळी फर्म्याच्या मापाने कापायचे, तंबाखू भरून वळायचे, दोरा बांधायचा आणि सट्टेदाराकडे हजारांच्या हिशेबाने माल द्यायचा. मजुरी नगावर असल्याने घरातले प्रत्येक रिकामे बोट आईला दिसते. बिडीची तोंडे बंद करायला लहान मूल बसते. ह्यात आईची क्रूरता नाही, दराचे गणित आहे. १९७६ च्या कायद्याने बिडी कामगार कल्याण निधी झाला आणि त्यातून मुलांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या, हा चळवळीचा मोठा लाभ. पण शिष्यवृत्ती मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणते. दाराच्या आत काय होते, हा पुढचा प्रश्न आहे.

मोहफुलांचे दिवस मार्च-एप्रिलचे, तेंदूपत्त्याचे मेचे, रोवणीचे जुलै-ऑगस्टचे. आमच्याकडे शेतीचे आणि जंगलाचे पंचांग आधी ठरलेले आहे. शाळेचे पंचांग त्यावर मागाहून चिकटवलेले आहे. मूल रोवणीच्या दिवसांत बांधीवर गेले आणि परत आले, तोवर वर्ग दोन धडे पुढे गेलेला असतो. त्याला कोणी मागचे शिकवले नाही, तर ते वर्गात बसते खरे, पण त्या दिवसापासून वर्गाबाहेरच असते. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांनाच दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचता आला. हजेरीपटावर नाव आहे आणि अक्षर मात्र नाही, ही स्थिती अशीच थोडी थोडी साचत जाते.

आठशे तासांचा हिशेब

आता शाळेच्या स्थितीकडे वळू. शाळेची स्थिती म्हटली की आपण इमारतीकडे पाहतो. छप्पर गळू नये, प्यायला पाणी असावे, मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह असावे, ह्याबद्दल वाद नाही. ह्या गोष्टी नसतील तर मोठ्या मुली प्रथम गळतात. पण स्थितीतील सर्वांत मोलाची वस्तू डोळ्यांना दिसत नाही. ती वस्तू म्हणजे वेळ.

शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन व्हावे, असे त्याने ठरविले. त्याच कायद्याने ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक ठरविले. जंगलपट्ट्यातील वस्त्या लहान, म्हणून द्विशिक्षकी शाळा पुष्कळ. आता पहिली ते चौथीची अशी एक शाळा घ्या व हिशेब करा. दिवसाचे चार तास, वर्ग चार, शिक्षक दोन. म्हणजे प्रत्येक शिक्षकाकडे दोन वर्ग आणि प्रत्येक वर्गाच्या वाट्याला प्रत्यक्ष शिकवण्याचे दिवसाला दोनच तास. कायद्यातील ८०० तास येथे ४०० झाले. त्यात वर्षातून ५० दिवस दोघांपैकी एक गुरुजी प्रशिक्षणाला, सभेला, सर्वेक्षणाला किंवा रजेवर गेले असे समजा. त्या दिवशी वर्गाला एकच तास मिळतो. एकूण झाले ३५० तास. इतक्या वेळात जे शिकवायचे, ते पुस्तक मात्र ८०० तासांचे!

हा हिशेब मांडला म्हणजे दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, गुरुजी कितीही कष्टाळू असले तरी एका तासाचे दोन तास करू शकत नाहीत. दुसरी, शाळेबाहेरच्या कामासाठी त्यांना एक दिवस बोलावणे म्हणजे एका माणसाला बोलावणे नव्हे. चार वर्गांचा अर्धा दिवस काढून नेणे होय. जनगणना, निवडणूक व आपत्तिनिवारण सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत, असे कायद्याचे कलम २७ सांगते. ते कलम शिक्षकांच्या सोयीसाठी नाही, मुलांच्या तासांसाठी आहे.

परंतु केवळ वस्तू पुरवून भागत नाही, हेही सांगितले पाहिजे. १९८७ साली देशभर खडू-फळा मोहीम निघाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचे साहित्य द्यावे अशी ती योजना. चांगली होती. पण अनेक ठिकाणी साहित्य पेटीत कुलूपबंद राहिले, कारण वस्तू मोडली तर भरपाई कोण देणार ही धास्ती. जेथे वस्तूचा हिशेब विचारला जातो आणि मुलाच्या शिकण्याचा विचारला जात नाही, तेथे शहाणा माणूस वस्तू जपतो. ह्याला आळस म्हणता येत नाही. हुकुमाचा अर्थ त्याने बरोबर ओळखलेला असतो.

पगार आणि उमेद

शिक्षकाच्या उमेदीचा प्रश्न येथून सुरू होतो, आणि पगारापासून सुरुवात करणे मला प्राप्त आहे.

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यातील मागणी सर्वांना ठाऊक आहे. त्याच निवेदनात शिक्षकाच्या वेतनाचाही विचार आहे. शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याचा पगार १२ रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी १५ किंवा २० असावा, असे त्यांनी आकड्यानिशी मांडले. निकालावर अनुदान देण्याची पद्धत गरीब व अशिक्षित लोकांत शिक्षण पसरविण्यास उपयोगी नाही, हेही त्यांनी तेव्हाच सांगितले.

निकालावर पैसे देण्याची ही पद्धत इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या नियमावलीने आली. तपासनीस यायचा, मुलांची वाचन, लेखन, गणित ह्यांत परीक्षा घ्यायचा आणि त्यावर शाळेचे अनुदान ठरायचे. बिडी कामगाराला ह्यात नवे काही वाटणार नाही. हा नगावरचा दर आहे. नगावरच्या दराचा स्वभाव आम्हांस ठाऊक आहे. जे मोजले जाते तेवढेच काम होते आणि जे मापात बसत नाही ते छाट म्हणून बाजूला टाकले जाते. शाळेत छाट म्हणजे कोण? जे मूल उशिरा शिकते, ज्याची भाषा वेगळी, जे रोवणीला गेले होते ते. इंग्लंडात मुले ठरलेला उतारा पाठ म्हणू लागली आणि शतक संपण्यापूर्वीच ही पद्धत सोडावी लागली.

आपल्या प्रदेशात याच्या उलट टोकाचाही प्रयोग झाला. भंडारा जिल्हा, म्हणजे आजचा गोंदियाही, तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. १९३७ नंतर पंडित रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना काढली. गावाने जमीन द्यावी आणि तिच्या उत्पन्नातून शाळा व शिक्षक चालावे, अशी कल्पना. हेतू थोर होता, पण गुरुजींचा पगार पावसावर अवलंबून ठेवणारी व्यवस्था फार काळ टिकली नाही. पुढे १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यातल्या प्राथमिक शिक्षकाला महिन्याचा ठरलेला पगार देण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. आज स्थिर वेतन स्वाभाविक वाटते. ते किती झगड्यांनी स्थिर झाले हे विसरता कामा नये. त्या स्थैर्यालाही २००० साली शिक्षणसेवक योजनेने तडा गेला. प्राथमिकच्या नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे महिना ३,००० रुपये मानधन. २०२३ साली ते १६,००० झाले. म्हणजे ज्या तीन वर्षांत माणूस आपला धंदा शिकतो, त्याच तीन वर्षांत त्याने घर कसे चालवावे ह्याचीच चिंता करायची.

येथे प्रामाणिकपणे एक अडचणीची गोष्ट मांडतो. पगार वाढला की मुले आपोआप जास्त शिकतात काय? इंडोनेशियात २००५ च्या कायद्यानुसार पात्र शिक्षकांचे वेतन दुप्पट करण्यात आले. तेथील ३६० शाळांत ह्याची काटेकोर तपासणी झाली. शिक्षक अधिक समाधानी झाले, कर्जाची ओढाताण कमी झाली. पण दोन-तीन वर्षांनी मुलांच्या शिकण्यात फरक आढळला नाही. ही गोष्ट कामगार संघटनेच्या माणसाने लपवू नये. कारण ती आपण सांगितली नाही तर मालकपक्ष सांगेल, आणि अर्धीच सांगेल. तिचा दुसरा अर्धा भाग असा : जे आधीच नोकरीत कायम होते त्यांच्यावर ती तपासणी झाली. चांगल्या वेतनाने वीस वर्षांत कोणत्या प्रतीचे तरुण ह्या धंद्याकडे वळतात, हे तीन वर्षांत कळत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली सुमारे दोनशे अभियंते व हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून एक उपयोगी भेद सांगितला. माणसाला कामावर नाराज करणारी कारणे वेगळी आणि त्याला कामात गोडी लावणारी कारणे वेगळी. अपुरा पगार, वाईट जागा, उद्धट वरिष्ठ ह्यांनी नाराजी येते. ती दूर केली की नाराजी जाते, एवढेच. गोडी येते ती काम साधल्याच्या अनुभवाने, कदर झाल्याने, जबाबदारी मिळाल्याने. शेताला पाणी नसेल तर धान वाळेल. पण पाणी आहे म्हणून बी न पेरता धान उगवेल असे नव्हे. पगार हे पाणी आहे. ते बंद करा म्हणणारा शेतकरी नव्हे, आणि तेवढेच पुरे म्हणणाराही नव्हे.

आंध्र प्रदेशातील ग्रामीण सरकारी शाळांत २००५ पासून एक प्रयोग झाला. मुलांच्या सरासरी प्रगतीवर शिक्षकांना छोटासा बोनस. दोन वर्षांत त्या शाळांतील मुले गणितात व भाषेत इतरांच्या पुढे गेली. मग फुल्यांचे म्हणणे चुकले काय? बारकाईने पाहिले तर तसे दिसत नाही. येथे मूळ पगार शाबूत होता, अंतिम गुणांऐवजी मुलाने केलेली प्रगती मोजली गेली, आणि परीक्षा बाहेरच्या लोकांनी घेतली. मागचे मूल पुढे आले तरच सरासरी वाढणार, म्हणून छाट काढण्यात फायदा उरला नाही. शिक्षकांची हजेरी वाढली नाही, पण हजर असताना त्यांनी जास्त शिकवले. बक्षिसाने नव्हे, तर बक्षीस कशाला लावले ह्याने फरक पडला.

उमेद कशाने टिकते

२००३ साली देशभरातील सुमारे ३,७०० शाळांना पूर्वसूचना न देता भेटी देण्यात आल्या. चार शिक्षकांपैकी एक गैरहजर आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण १४.६ टक्के होते, म्हणजे पाहणी झालेल्या राज्यांत सर्वांत कमी. हे आपल्या गुरुजींच्या बाजूने सांगण्यासारखे आहे. पण अधिक महत्त्वाचे हे की गैरहजेरीचा संबंध पगाराशी फारसा दिसला नाही. तो शाळेच्या स्थितीशी दिसला. जेथे इमारत, पाणी, वीज बरी होती, पक्का रस्ता जवळ होता, तपासणी अलीकडे झाली होती, तेथे शिक्षक जास्त हजर.

म्हणजे ज्या दोन गोष्टी आपण वेगळ्या धरून चाललो, शाळेची स्थिती आणि शिक्षकाची उमेद, त्या एकाच दोरीचे पदर आहेत. सालेकसा किंवा देवरी तालुक्यातील आडगावी एकटे गुरुजी चार वर्ग सांभाळतात. कोणी साहेब वर्षभर वर्गात बसून पाहत नाही. आला तर नोंदवह्या पाहतो. चांगले शिकवले तरी कोणाला कळत नाही, नाही शिकवले तरी कळत नाही. अशा ठिकाणी उमेद विझायला दुष्टपणा लागत नाही, वेळ पुरतो.

त्यात भाषेची भिंत. घरी गोंडी बोलणारे मूल पहिलीत बसते आणि पुस्तकी मराठी ऐकते. ते गप्प राहते. गुरुजींना वाटते, मूल मंद आहे; मुलाला वाटते, आपण मंद आहोत. दोघेही एकमेकांमुळे खचतात. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभांनी २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा काढली ती ह्याच दुःखातून. सर्वत्र तसे करता येईल असे नाही. पण नव्या गुरुजींना वस्तीच्या भाषेतील दोनशे शब्द शिकवणे कोणत्याही जिल्हा परिषदेला अशक्य नाही.

उमेद वाढलेली कोठे दिसते? ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, १९५७ पासून कोसबाडला नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी कुरणशाळा काढली. शाळाच कुरणात गेली. अलीकडचे उदाहरण सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटाचे. तेथील साध्या सरकारी शाळांत जमिनीवर अंक-अक्षरे आखून, खडे-काड्या घेऊन मुले गटागटाने शिकू लागली. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले आणि पुष्कळांनी परतून आपल्या वर्गाची फरशी रंगवली. त्यांना वाढीव पगार मिळाला नव्हता. आपल्यासारख्याच माणसाला, आपल्यासारख्याच शाळेत हे साधते, हे त्यांनी पाहिले होते. कारागिराला कारागीरच शिकवतो. परिपत्रक शिकवत नाही.

आपण काय करावे

लहान शाळांचा प्रश्न आज आपल्या दाराशी आहे. २०१७ साली दहाहून कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचे सरकारने ठरविले, आणि तेव्हापासून तो विषय पुन्हा पुन्हा निघतो. एका शिक्षकाने चार वर्ग चालवणे वाईट हे खरे. परंतु जंगलातून तीन किलोमीटर चालणे हे सहा वर्षांच्या मुलीसाठी त्याहून वाईट. शाळा मिटवून जो शिक्षक वाचतो, तो त्या मुलीच्या वर्षांच्या मोलाने वाचतो.

कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया. ही समिती बहुतेक गावी सह्यांपुरती असते. बिडी वळणाऱ्या, रोवणी करणाऱ्या, तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांनी तेथे बसून चारच प्रश्न विचारावेत. गेल्या महिन्यात गुरुजी शाळेबाहेरच्या कामाला किती दिवस गेले, आणि कोणाच्या हुकुमाने? रोवणीहून परतलेल्या मुलांना मागचे कोण आणि केव्हा शिकवणार? तिसरीतील कोणकोणत्या मुलाला अजून वाचता येत नाही? गुरुजींना आमच्याकडून काय हवे? चौथा प्रश्न सोडू नये. पहिल्या तिन्हींची खरी उत्तरे त्यावर अवलंबून आहेत.

शिक्षक संघटनांनाही एका सहकाऱ्याच्या नात्याने सांगणे आहे. वेतन, बदली, निवृत्तिवेतन ह्या मागण्या न्याय्य आहेत. त्यांच्यासाठी आम्ही तुमच्याबरोबर रस्त्यावर येऊ. पण मागण्यांच्या यादीत एक मागणी तुमच्या मुलांसाठीही असू द्या : चार वर्गांना पुरेसे शिक्षक द्या, आमचे तास आम्हांला परत द्या आणि मग आमच्या मुलांचे वाचन खुशाल तपासा. ही मागणी घेऊन शिक्षक उभा राहिला तर त्याच्या मागे गाव उभे राहील. गावाचे पाठबळ असलेला संप आणि गावाने पाठ फिरवलेला संप, ह्यांतील फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे.

मूल शिकते ते छपराने नव्हे, पगाराने नव्हे, धाकाने तर नव्हेच. त्याला शिकवायचे आहे असे मनापासून वाटणारा माणूस रोज पुरेसा वेळ त्याच्यासमोर असला म्हणजे ते शिकते. छप्पर, पगार, तपासणी, समिती ही सर्व खटपट त्या माणसाला तेथे टिकवून धरण्यासाठी आहे. जूनअखेर शाळा उघडतील. समितीची पहिली सभा कोणत्या तारखेला आहे, एवढी चौकशी प्रत्येकाने आपापल्या गावी करावी आणि त्या दिवशी कामाचा अर्धा दिवस मोडून तेथे जावे.